पाण्यात भिजवलेल्या दशम्या

मुंबईच्या विमानतळावर माझी बॅग काट्यावर चढली, तेव्हा माझ्या सोवळ्याचं वजन किती ते मला पहिल्यांदा कळलं. अकरा किलो. कल्हई केलेली दोन पितळी पातेली, तांब्या, ताट, दोन वाट्या, पळी, उलथनं आणि एक लोखंडी तवा. कपडे त्या मानाने फारच थोडे. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, लंडनमध्ये भांडी मिळतात हो." मी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती लंडनमध्ये गंगा वाहते म्हणाली होती.

साल अठ्ठ्याऐंशी असावं. मी पन्नाशीची होते आणि मला सगळं कळत होतं. आता कळतं त्याच्या निदान दुप्पट. आमचे हे सांगलीलाच राहिले. "घर सांभाळतो," म्हणाले. घराला काही होणार नव्हतं, ह्यांना विमानाची भीती होती. मी निघाले, कारण माझा मुलगा शिरीष तिकडे डॉक्टर होता आणि त्याच्या बायकोला, शालिनीला, दिवस गेले होते. शालिनीची आई ती लहान असतानाच वारलेली. म्हणजे बाळंतपणाला बाईमाणूस असं मीच.

या शालिनीला मी तोवर पाहिलंही नव्हतं. ती नर्स, हा डॉक्टर, एकाच हॉस्पिटलात ओळख, मग रजिस्टर लग्न, आणि मग आम्हाला पत्र. पत्रात शेवटी लिहिलेलं, 'नगरची आहे, मराठीच आहे, ख्रिश्चन आहे.' 'मराठीच' या शब्दाखाली दोन रेघा. दोन वर्षं मी त्या पत्रांना उत्तरं पाठवत होते आणि त्यात हवापाण्याशिवाय काही नसे.

विमानात मी एअर होस्टेसच्या हातचं काही घेतलं नाही. माझ्याजवळ दशम्या होत्या (दुधात पीठ भिजवून केलेल्या भाकऱ्या, प्रवासात टिकतात). आमच्याकडचा नियम असा, की पाण्यात भिजवलेलं, शिजवलेलं परक्या हातचं चालत नाही. दुधात भिजवलेलं चालतं. का, ते मी कधी विचारलं नाही. नियम विचारायचे नसतात, पाळायचे असतात, आणि फारच अडलं की दुधात भिजवायचे असतात.

हीथ्रोवर कस्टमच्या तरुणाने बॅग उघडली. तवा बाहेर काढला, हातात तोलला, दुसऱ्या ऑफिसरला दाखवला आणि मला काहीतरी विचारलं. मी रुबाबात "येस" म्हणाले. बाहेर आल्यावर त्याचे शब्द मी जमतील तसे शिरीषला सांगितले, तर तो हसून हसून वाकला. "आई, तो विचारत होता, तुम्ही हॉटेल उघडणार का? आणि तू हो म्हणालीस."

एजवेअरला पोचेपर्यंत मी मोटारीच्या काचेला नाक लावून होते. सगळी घरं एकसारखी, जोडीजोडीने उभी, पुढे गोल खिडकी, कातरलेलं कुंपण, पायरीवर दुधाच्या बाटल्या. गुलाब मात्र आपल्याकडच्या फ्लॉवरएवढाले. आपलं घर कोणतं हे या लोकांना कसं कळतं, असा मला प्रश्न पडला. आमचं घर मात्र लगेच कळलं, कारण दारात रांगोळी होती. कणकेची. "रांगोळी मिळाली नाही, आई," असं म्हणत सावळी, ठेंगणी, चष्मेवाली शालिनी पाया पडायला वाकली. पाचवा महिना होता, म्हणून मी तिला अर्ध्यातच थांबवलं. मला स्पर्श टाळायचाही होता. एका हालचालीत दोन कामं झाली.

स्वयंपाकघरात तिने माझ्यासाठी एक वेगळं कपाट रिकामं करून ठेवलं होतं. वेगळी छोटी शेगडी, ओटा पुसायला नवं कोरं फडकं, वेगळा साबण. दारावर चिठ्ठी: 'आईंचं.' आज ते कपाट आठवलं की माझे कान गरम होतात. तेव्हा मला वाटलं, बरं झालं, पोरीला आपली पायरी कळते.

मी स्वयंपाक करायची माझा, ती करायची त्या दोघांचा, एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून. तिसऱ्या दिवशी ती रात्रपाळी करून सकाळी आली आणि बाजरीच्या भाकऱ्या थापायला लागली. नगरकडची भाकरी, पापुद्रा असा सुटायचा की आतून वाफ शिट्टी मारायची. माझ्या शेगडीवर मऊ भात होता. मी भाताकडे पाहिलं, भाकरीकडे पाहिलं, आणि सहज बोलल्यासारखं म्हणाले, "आमच्याकडे दुधात भिजवलेलं असलं तर चालतं हो."

दुसऱ्या दिवसापासून पीठ दुधात भिजू लागलं. त्या घरात दूध इतकं यायला लागलं, की दूधवाल्याने शिरीषला विचारलं, मांजरं पाळलीत का. भाकरी दुधात, थालीपीठ दुधात. एकदा तिने आमटीची डाळसुद्धा दुधात शिजवता येईल का असं विचारलं. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं की नव्हतं ते चष्म्यामुळे कळलं नाही.

मग एका शनिवारी शिरीष ड्युटीवर होता, घरात आम्ही दोघीच, आणि तिने पिठलं केलं. भरपूर लसणाचं. पिठलं दुधात होत नाही. मी दोनदा स्वयंपाकघरातून बाहेर जाऊन आले. तिसऱ्यांदा टेबलाशी जाऊन बसले आणि म्हणाले, "वाढ." तिने वाढलं. आम्ही जेवलो. आभाळ कोसळलं नाही. एजवेअरच्या आभाळात कोसळण्याएवढा उत्साहच नसतो. त्या दिवसापासून मी तिच्या टेबलावर तिच्या हातचं सगळं जेवायला लागले. माझी पितळी पातेली कपाटात काळवंडत बसली. आणि हे सांगलीला मी कुणाला कळवलं? छे! ह्यांना लिहिलं, 'माझं सगळं वेगळं असतं, काळजी नसावी.'

त्या देशात माझी सर्वांत मोठी अडचण अन्नाची नव्हतीच, सूर्याची होती. दिवेलागणीला देवापुढे दिवा लावायचा, तर जूनमध्ये नऊ वाजले तरी दिवे लागायची वेळ होत नाही. एका शुक्रवारी मी निरांजन तयार करून मागच्या खिडकीशी उभी होते. पाहते तो शेजारच्या खिडकीतही एक म्हातारी उभी. हातात काड्यापेटी, पुढ्यात दोन मेणबत्त्या, नजर घड्याळावर. तिने मला पाहिलं, खिडकी वर सरकवली आणि मराठीत म्हणाली, "काय गो, तुझा पण सूर्य बुडंना काय?"

माझं निरांजन हातातून पडता पडता राहिलं.

त्या रिबेकाबाई. रेवदंड्याकडच्या, बेने इस्राएल (कोकणात शेकडो वर्षं राहिलेले मराठी ज्यू). नवरा गेल्यावर लेकाकडे आल्या, लेक अमेरिकेला गेला, ह्या राहिल्या. त्यांचा नियम सूर्य बुडायच्या आत दिवा लावायचा, माझा बुडाल्यावर. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावला की शनिवार संध्याकाळपर्यंत त्या विस्तवाला हात लावत नाहीत. म्हणून तर गावाकडे त्यांच्या लोकांना शनवार तेली म्हणायचे: धंदा तेलाचा आणि शनिवारी घाणा बंद.

मला तर देवमाणूस भेटल्यासारखं झालं. त्यांच्याकडे मांसाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी, विळ्या वेगळ्या. मी त्यांना माझा दुधाचा नियम सांगितला, तेव्हा त्या कुंपणाला धरून हसल्या.

"आमच्यात दूध म्हणजे लय विचार करायची वस्तू. मटणाला दूध लागलं की संपलं. आणि तुझं दूध तर सगळ्यांना माफी देत सुटतं गो!"

मी म्हणाले, "पण मग तुम्ही शालिनीकडे येता कशा? ती तर सगळं खाते."

"येते की. माझी काचेची ताटली तिच्या कपाटात ठेवलीय. फळं खाते, काळा चहा पिते. ती तिचं खाते, मी माझं."

ही गोष्ट मी ऐकली आणि सोडून दिली. पन्नाशीत मी बऱ्याच गोष्टी अशा ऐकत होते.

जुलैमध्ये शालिनी मला वॉटफर्डला घेऊन गेली. तिचं हॉस्पिटल तिथलंच. सुट्टीच्या दिवशीही तिला रस्त्यात दहा जण "हॅलो, सिस्टर" म्हणाले. बाजारात तिने बाळासाठी लोकर घेतली. मला वासाने चिप्स खाव्याशा वाटल्या. ती एका दुकानात शिरली, बाहेर आली. दुसऱ्यात शिरली, बाहेर आली. तिसऱ्यातून पुडा घेऊन आली. मी वैतागले होते. "इतकी कसली पारख करतेस? बटाटेच ते."

"त्या दोन्ही दुकानांत गाईच्या चरबीत तळतात, आई. इथे व्हेजिटेबल ऑइल आहे. विचारून घेतलं."

हाय स्ट्रीटच्या टोकाला एक छोटं तळं आहे. त्याच्या काठी बाकावर बसून आम्ही एका कागदात चिप्स खाल्ल्या. बदकं जवळ आली. शालिनी पाण्याकडे बघत म्हणाली, "आमचे आजोबा शाळेत जायचे तेव्हा त्यांना रांजणाला हात लावू द्यायचे नाहीत. मास्तर चांगला होता, स्वतः पाणी घालायचा. पण उंचावरून. आजोबा सांगायचे, निम्मं पाणी कोपरावरून खाली जायचं."

तिच्या पणजोबांनी धर्म बदलला तेव्हा त्यांचं घर गावकुसाबाहेर होतं. शिरीषने हे पत्रात लिहिलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं, पण मला माहीत होतं. 'सोवळं' हा शब्द मी एवढ्या ठसक्यात वापरत होते, कारण त्याच्यामागे दुसरा एक शब्द उभा होता आणि तो उच्चारायची मला लाज वाटत होती. पाळायची मात्र वाटत नव्हती.

मी चिप्स बदकांना टाकायला लागले. मग तिनेच विषय बदलला.

"आई, लेबर वॉर्डमध्ये एकाला बरोबर येता येतं. शिरीष म्हणतो मी येतो. पण मला तुम्ही हव्यात. याल?"

"येईन की! आणि त्याआधी तुझं डोहाळजेवण करायचं. मी शेजारी बसून पहिला घास भरवणार."

ती हसली. तेव्हा कळलं, तिला पुढच्या दोन दातांत फट आहे. दोन महिन्यांत ती माझ्यासमोर तोंड भरून पहिल्यांदाच हसत होती.

डोहाळजेवण शनिवारी दुपारी ठरलं. शालिनीच्या दोन मैत्रिणी, एक गोरी आणि एक जमैकाची, साडी नेसून आल्या. नेसवता नेसवता मी घामाघूम. रिबेकाबाई आल्या, त्यांची ताटली कपाटातून निघाली. शनिवारी त्या घराबाहेर काही हातात घेऊन निघत नाहीत, म्हणून ताटलीचा मुक्काम कायम आमच्याकडे. शालिनीला फुलांचा मुकुट घातला, ओटी भरली. टेबलावर पानं मांडली, तिच्या शेजारची खुर्ची माझी. मी ताट घेऊन बसलेसुद्धा होते.

तेवढ्यात बेल वाजली. कॉव्हेंट्रीहून माझ्या वन्सं आल्या. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. वीस वर्षांपूर्वी डॉक्टर नवऱ्याबरोबर इकडे आलेल्या, पण अंबाड्यातलं फूल चुकलेलं नाही. हातात चार ताळी डबा. दारातूनच म्हणाल्या, "सुधा, मी माझं आणलंय बाई. तू कुठे जेवणार?"

आणि मी उठले.

कुणी उठवलं नव्हतं. ताट उचललं, म्हणाले, "मला शनिवारचा उपास आहे ना. मी नंतर बघते," आणि स्वयंपाकघरात गेले. जिच्याबरोबर मी शनिवारीच बसून लसणाचं पिठलं चोपलं होतं, तिला मी हे सांगत होते.

शालिनीने माझ्या ताटाकडे पाहिलं. "बरं, आई," एवढंच म्हणाली. दारातून मला दिसलं, रिबेकाबाईंनी आपल्या ताटलीतलं एक द्राक्ष उचललं आणि तिला भरवलं. पहिला घास तो.

दुसऱ्या दिवशी रविवारी ती कोपऱ्यावरच्या चर्चला निघाली, तेव्हा मी चपला घालून दारात उभी राहिले. कालचं काहीतरी भरून काढायचं म्हणून. मुक्कामाला राहिलेल्या वन्संना सांगितलं, फिरायला जाते. खोटं बोलायला लागलं की माणूस सराईत होतो.

चर्च थंडगार, लाकडाच्या पॉलिशचा वास. व्हिकार (तिथला धर्मगुरू) उंच, वाकलेला, प्रवचन सांगताना चष्म्याची काडी चावणारा. मला त्याचं इंग्रजी चार आणे कळे, म्हणून शालिनी कानात मराठीत सांगत होती.

"सांगतायत, पहिले ख्रिस्ती लोक सगळे ज्यूच होते. देवळात जायचे, शनिवार पाळायचे, खाण्यापिण्याचे नियम पाळायचे. आपण काही नवा धर्म काढलाय असं त्यांना वाटतच नव्हतं."

"रिबेकाबाईंसारखेच?"

"हो. मग अंत्युखिया म्हणून एक शहर होतं, तिथे बाहेरचे लोक यायला लागले. जे ज्यू नव्हते ते. मग वाद. यांनी आधी सुंता करायची का? आपले सगळे नियम पाळायचे का? आणि मुख्य म्हणजे, यांच्याबरोबर एका टेबलावर जेवायचं का?"

मला गोष्टीत रस वाटायला लागला. हा प्रश्न मला नीट कळण्यासारखा होता.

"पेत्र म्हणून त्यांच्यातला मोठा माणूस. तो त्या लोकांबरोबर बसून जेवत होता. रोज."

"बरं. मग?"

ती थांबली. व्हिकार बोलत होता, ती ऐकत होती, पण मला काही सांगत नव्हती. मी तिला कोपराने ढोसलं. "अगं, मग काय झालं?"

"मग यरुशलेमेहून त्याच्या घरची माणसं आली. नियम पाळणारी."

"मग?"

"मग तो उठला, आई."

"कुठून?"

"टेबलावरून."

"अरे देवा! बिचारा," मी म्हणाले. "घरची माणसं आल्यावर करणार काय तो?"

पुढच्या रांगेतल्या दोन टोप्या मागे वळल्या. शालिनीने माझ्याकडे पाहिलं नाही. गाण्याचं पुस्तक उघडलं आणि पानं उलटत राहिली. आणि मग, आधी आवाज निघाला आणि नंतर अर्थ पोचला, असं माझ्या कानात माझंच वाक्य शिरलं.

"त्याला कुणी काही बोललं नाही का?" मी अगदी हळू विचारलं.

"बोलले. पौल म्हणून एक होता, त्याने सगळ्यांदेखत खडसावलं."

मला सगळ्यांदेखत कुणी खडसावलं नाही. तेच फार वाईट होतं. दुपारी शिरीष मला म्हणाला, "आई, लेबर वॉर्डमध्ये मीच जाईन. शालिनीने ठरवलंय. तुला उगाच त्रास." वन्संनी लगेच सुचवलं, तर मग सुधाला मी आठवडाभर कॉव्हेंट्रीला नेते. कुणीही 'नको' म्हणालं नाही.

कपाटातली पितळी भांडी आणि तवा घालून बॅग भरून झाल्यावर मी कुंपणाशी गेले. "रिबेकाबाई, तो पेत्र तुमच्यातलाच का हो?"

"आमच्यातलाच. पौल पण आमचा, ते यरुशलेमवाले पण आमचे. घरातलं भांडण ते. दोघांचं म्हणणं देवाला धरूनच होतं. लोक आता म्हणतात, एक चांगला, एक वाईट. मला तसं नाय वाटत."

"मग चूक कुणाची?"

त्या दोरीवरचे कपडे काढत होत्या, चिमटे तोंडात धरून. ते काढून म्हणाल्या, "नियम पाळणाऱ्याची नाय. मी पाळते, मरेस्तोवर पाळीन. पण माझी ताटली घेऊन मी बसते गो. बसलेली उठून नाय जात."

कॉव्हेंट्रीला वन्संकडे सोवळं कडक. सकाळी अंघोळीशिवाय स्वयंपाकघरात पाऊल नाही, कांदा-लसूण नाही, वरणभात, तूप, लिंबू. मी निमूट जेवत होते आणि पिठल्याची स्वप्नं पाहत होते.

एका दुपारी मी एकटीच तिथलं कॅथेड्रल बघून आले. युद्धात बाँब पडून जुन्या देवळाचं छप्पर गेलं, भिंती राहिल्या. नवं बांधताना त्यांनी जुनं पाडलं नाही, त्याला लागूनच बांधलं. जुन्याच्या उघड्या अंगणातून चालत गेलं की नव्यात शिरता येतं. मी दोनदा गेले आणि आले. जुन्या भिंतींच्या आत, आभाळाखाली, बरीच माणसं डबे उघडून सँडविच खात बसली होती. एक बाई सरकली आणि मला बाकावर जागा दिली. मी बसले. माझ्याजवळ खायला काही नव्हतं, म्हणून नुसतीच बसले.

पाचव्या दिवशी वन्सं देवाशी होत्या. मी वाटाणे काढायला त्यांचा फ्रीझर उघडला. वाटाण्याच्या पिशवीखाली एक कोंबडी होती. तिच्याखाली मासे, आणि त्याखाली आणखी काय काय, मी बघितलं नाही.

"वन्सं! हे कुणाचं?"

वन्सं सोवळ्यातच धावत आल्या. "ते? ते शेजाऱ्यांचं. त्यांचा फ्रीझर बिघडलाय."

तेवढ्यात त्यांचे यजमान हॉस्पिटलमधून आले, फ्रीझर उघडा पाहून त्यांचा चेहरा उजळला. "वा! संपलं का आपलं व्रत? आज करी करणार?"

वन्सं मटकन खुर्चीत बसल्या. सोवळ्याचा पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतात, तर हसत होत्या.

"अगं सुधा, मी इथे आल्यापासून सगळं खाते. पण तू सांगलीहून येणार, तिकडे माझ्या भावाला जाऊन सांगणार. म्हणून त्या दिवशी डबा घेऊन आले. मला काय वाटेल त्याची नाही, तुला काय वाटेल त्याची काळजी!"

"आणि मी तुम्ही आलात म्हणून टेबलावरून उठले हो, वन्सं!"

एकीच्या भीतीने दुसरी आणि दुसरीच्या भीतीने पहिली. आणि मधे ती सातव्या महिन्यातली गरोदर पोर फुलांचा मुकुट घालून एकटी बसलेली.

"मी उद्या जाते," मी म्हणाले.

"ती भांडी घेऊन?"

"नको. तवा तेवढा नेते." पितळी पातेली मी कॉव्हेंट्रीतच ठेवली. पुढे वन्संनी त्यांत जिरेनियम लावलं आणि ते फार छान आलं असं ऐकते.

विलायतेत एकटीने केलेला तो माझा पहिला रेल्वेप्रवास. हातात तवा, पायात पायमोजे आणि चपला. युस्टनला शिरीष न्यायला येणार होता. पण गाडी वॉटफर्ड जंक्शनला थांबली, घड्याळात साडेबारा झालेले, आणि मी उतरले. मागचापुढचा विचार न करता मी आयुष्यात केलेली ही बहुधा एकच गोष्ट. एका बाईला "हॉस्पिटल?" विचारलं. तिने माझ्या हातातल्या तव्याकडे पाहिलं, मला कुठे लागलंय का विचारलं, आणि बसमध्ये बसवून दिलं. युस्टनला शिरीष तासभर ताटकळला. ते एक वेगळं प्रकरण झालं, त्याबद्दल तो अजून बोलतो.

कँटीनमध्ये शालिनी युनिफॉर्ममध्ये बसली होती. समोर डबा, शेजारी ती जमैकाची मैत्रीण. मला पाहून ती उभी राहिली.

"आई! तुम्ही इथे कशा? एकट्या? जेवलात का?"

जेवलात का! त्या दिवसानंतरही हाच प्रश्न. मी वाटेत इंग्रजी-मराठी दोन्हीत माफीचं भाषण पाठ करत आले होते, ते सगळं विसरले. म्हणाले, "तो पेत्र. नंतर परत जेवायला बसला का गं?"

चष्मा काढून तिने पुसला.

"ते लिहिलेलं नाही, आई."

"असं कसं? एवढं भांडण लिहून ठेवलं आणि तो बसला की नाही ते नाही लिहिलं?"

"नाही लिहिलं. कुणालाच माहीत नाही."

मी तिच्या शेजारची खुर्ची ओढली. डब्यात बाजरीची भाकरी होती. "दुधातली?"

"पाण्यातली." ती सरळ माझ्याकडे पाहत होती. "तुम्ही नव्हता ना. एकटीसाठी दूध कशाला?"

मी बसले. भाकरीचा तुकडा मोडला आणि आधी तिला भरवला. जवळजवळ आठवडाभर उशिरा, पण पहिला घास. मग मी खाल्ला. बाजरी घशात अडकली, तेव्हा तिच्याच ग्लासला तोंड लावून पाणी प्यायले. उंचावरून नाही.

मैत्रिणीने इंग्रजीत काहीतरी विचारलं. शालिनीने उत्तर दिलं आणि ती खदखदून हसली.

"काय म्हणालीस गं?"

"म्हटलं, सासूबाई आहेत. उपास होता. आज सुटला."

ती स्वतः हसली नव्हती. तिने मला लगेच क्षमा केली, असं मी लिहिलं तर ती हे वाचून पत्र पाठवेल. शिफ्ट संपेपर्यंत मी कँटीनमध्ये तवा मांडीवर घेऊन बसले. संध्याकाळी बसमध्ये ती अर्धा रस्ता खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "आई, लेबर वॉर्डमध्ये चपला चालत नाहीत. बूट लागतील."

शनिवारी आम्ही माझ्यासाठी बूट आणले. सप्टेंबरमध्ये ते घालून मी आत गेले. चौदा तास तिने माझा हात धरून ठेवला होता; दोन बांगड्या फुटल्या, एक अजून वाकडी आहे. मुलगी झाली. पहिली आंघोळ घालताना मिडवाइफने (तिकडच्या सुईणीने) मला जवळ बोलावलं, आणि त्या कोमट पाण्यात मीही हात बुडवला.

ऑक्टोबरात परत निघाले. रिबेकाबाईंनी कुंपणावरून खजुराची पुडी दिली आणि माझं वेगळं कपाट रिकामं झालं म्हणून आपली काचेची ताटली तिथे मोठ्या जागेत हलवून घेतली. तवा शालिनीकडेच राहिला. हीथ्रोच्या काट्यावर माझी बॅग इतकी हलकी भरली, की शिरीषला वाटलं मी काहीतरी विसरले. शालिनीने बाळाला एका हातावर घेऊन दुसऱ्या हाताने मला एक फडक्याची पुरचुंडी दिली.

"दशम्या आहेत. वाटेत खा." मग जरा थांबून, त्या दातांमधल्या फटीतून हसत, "पण दूध संपलं होतं, आई. पाण्यात भिजवल्यात."

दूध संपलं नव्हतं. सकाळी पायरीवर दोन भरलेल्या बाटल्या मी स्वतः पाहिल्या होत्या.

शेजारच्या सीटवर सांगलीकडचेच एक गृहस्थ निघाले. आमच्या गल्लीतले, ह्यांच्या ओळखीचे, कपाळाला गंध. एअर होस्टेसला जेवण नाकारून मला म्हणाले, "वहिनी, तुम्हीपण घरचंच आणलं असेल! सोवळ्यातलं?"

मी पुरचुंडी उघडली. पाण्यातल्या दशम्या लवकर वाळतात; कडा आताच कडक झाल्या होत्या. मी अर्धी मोडून त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाले, "सुनेच्या हातची आहे. नगरची आहे ती. पाण्यात भिजवलीय. घेता?"

त्यांनी घेतली की नाही ते मी लिहीत नाही. मी माझी अर्धी सगळी खाल्ली, त्यांच्यादेखत, जागेवर बसून.